रात्रीचं डायपर सोडवताय? मग मुलाला झोपेत उचलून नेऊ नका

नमस्कार मंडळी! दिवसाचं डायपर कसं सोडवायचं तो व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय. "ताई, दिवसा सगळं सांगतो, पण रात्रीचं काय?" जून जवळ आला की तर रोजच. म्हणून आज फक्त रात्रीचं.

जे सगळ्यांना माहीत आहे ते आधी भराभर सांगून टाकते. झोपायच्या आधी शू. शेवटचा तासभर दूध-पाणी बेतानं. बाथरूमच्या वाटेवर बारीक दिवा. नाडीची चड्डी नको, इलॅस्टिकची. संडास घराबाहेर असेल तर खोलीतच पॉटी ठेवा. गादीवर रबरी शीट आणि चादर, त्यावर पुन्हा रबरी शीट आणि चादर. रात्री ओलं झालं की वरची जोडी ओढून काढायची, खाली कोरडं अंथरूण तयार. झालं.

सुरुवात कधी करायची, हे वय बघून ठरवू नका, सकाळचं डायपर बघून ठरवा. आणि ते मूल उठल्या उठल्या बघा, दात घासून झाल्यावर नाही. बरीच मुलं रात्रभर कोरडी असतात, सकाळी जाग आली की लोळत पडतात आणि डायपर आहेच म्हणून त्यातच करतात. हात लावून बघा. डायपर जड आणि गार असेल तर शू रात्रीच झालीय. गरम असेल तर आत्ताच झालीय, म्हणजे ते मूल जवळजवळ तयार आहे. त्याला डोळे उघडल्याबरोबर बाथरूमकडे न्या. एक-दोन आठवडे बहुतेक सकाळी कोरडं मिळालं की डायपर काढून टाका. आठवडाभर बघा. रोजच ओलं होत असेल तर शांतपणे परत घाला, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघू. त्यात हरण्यासारखं काही नाही.

आणि जमलं तर हे काम पावसाळ्यात काढू नका. जुलैत मुंबई-कोकणात कापसाची गादी ओली झाली की वाळता वाळत नाही. घरभर वास, मोठ्यांची चिडचिड, आणि ती सगळी निघते त्या पोरावर. एप्रिल-मे बरा. गच्चीवर ऊन असतं, सुट्टी लागली की सकाळी शाळेची घाई नसते.

आता मुद्द्याचं. रात्री दोनचा गजर लावून मुलाला झोपेत उचलून बाथरूममध्ये नेणं. निम्म्या कमेंटमध्ये हाच उपाय आहे. मंडळी, यानं चादर वाचते, मूल शिकत नाही.

का, ते बघा. रात्र कोरडी जायला तीन गोष्टी लागतात. एक, झोपेत शू कमी तयार व्हायला हवी. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन येतं, ते रात्री वाढलं की मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात. दोन, मूत्राशयात तेवढी जागा हवी. डॉक्टरांचा एक ढोबळ हिशोब आहे, वयाच्या वर्षांत १ मिळवायचा आणि ३० नं गुणायचं. चार वर्षांच्या मुलाचे झाले १५० मिली, म्हणजे एक कपभर चहा. तीन, भरल्यावर मेंदूनं झोपेतून जागं करायला हवं. या तिन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्या वेळेला पक्व होतात. दोन वाजता उचलल्यानं यातली एकही लवकर होत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरचे एक बाबा रोज हे करायचे. पोरगं खांद्यावर, मान लुळी, डोळे गच्च मिटलेले. बाथरूममध्ये उभं करून नळ थोडा सोडायचा, तोंडानं "शूऽऽ" करायचं, झालं की परत गादीवर. घरात सगळे खूश, पोरगं कोरडं राहायला लागलं. मग बाबा कामाला बाहेरगावी गेले आणि पहिल्याच रात्री गादी ओली. सकाळी त्या लेकराला ऐकावं लागलं, "इतके दिवस जमत होतं ना, मग आताच काय झालं?" मला फार वाईट वाटलं. त्याला कधी जमतच नव्हतं. जागे होत होते ते बाबा.

विश्वास बसत नसेल तर सकाळी मुलाला विचारा, "रात्री आपण शूला गेलो होतो, आठवतंय?" बहुतेक मुलं नुसती बघत राहतात. जे आठवतच नाही ते शिकणार कसं? उलट झोपेत शू करायचीच सवय पक्की होते, फक्त गादीऐवजी मोरीत.

मग कधीच उचलायचं नाही का? लग्नाला गेलात, पाहुण्यांच्या गादीवर झोपलात, त्या रात्रीपुरतं उचला की! पण पूर्ण जागं करा, दिवा लावा, त्याला स्वतःच्या पायानं चालू द्या. आणि मूल आपणहून "आई, शू" म्हणून उठलं तर कितीही वाजलेले असोत, लगेच उठा. त्या वेळी "झोप गं आता" म्हणू नका. याच क्षणाची तर आपण वाट बघत होतो.

आता कमेंट. एका काकूंनी लिहिलंय, तीळगूळ द्या, आठवड्यात फरक पडतो. काकू, तीळगूळ जरूर द्या, चांगला आहे. पण त्यानं शू थांबेल या भरवशावर राहू नका, नाही थांबली तर दोष पोराकडे जातो.

दुसरी कमेंट, "संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद." नाही हो! मुलाला तहानलेलं झोपवायचं नाही. त्यापेक्षा शाळेची बाटली बघा. ती सकाळी भरून जाते आणि तशीच भरलेली परत येते. पुष्कळ मुलं शाळेतल्या बाथरूमला जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत, शू दाबून धरतात. मग घरी आल्यावर घटाघटा पितात, आणि ते सगळं रात्री बाहेर येतं. पाणी कमी करू नका, सकाळ-दुपारकडे सरकवा. शाळेत जाऊन बाईंशी बोला. आणि संध्याकाळचा चहा-खारी? चहा बंद. चहानं शू वाढते. कोलासुद्धा नको.

एक गोष्ट कुणीच विचारत नाही, ती म्हणजे शी. पोट साफ नसलं, खडा होत असला, की भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि जागा कमी पडते. बिस्किटं-मैदा कमी, भाकरी, पालेभाजी, पेरू, पपई वाढवा. तरी खडा होतोच आहे तर आधी त्याचं औषध डॉक्टरांकडून घ्या, डायपरचं नंतर.

आणि घरातल्या मोठ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. त्याला "मुतऱ्या" म्हणू नका. "तुझ्या बाईंना सांगू का?" म्हणू नका. धाकट्या बहिणीशी तुलना नको. ते झोपलेलं असतं हो, ते मुद्दाम करत नाही! पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी साधारण १५ मुलं अंथरूण ओलं करतात, त्यात मुलगे जास्त. शिवाय हे घराण्यातून येतं. आई-बाबांपैकी एकाला लहानपणी असेल तर मुलाला असण्याची शक्यता साधारण ४४ टक्के, दोघांनाही असेल तर ७७. आमच्याकडे धाकट्यावरून बोलणी सुरू झाली तेव्हा आत्याबाईच म्हणाल्या, "अरे, तू तर दुसरीत जाईपर्यंत गादी उन्हात घालायला लावायचास." तेव्हापासून बाबांचा आवाज खाली आला, आणि पोराला केवढा धीर आला!

डॉक्टर कधी? पाच वर्षांच्या आत फक्त रात्री ओलं होत असेल तर साधारणपणे काळजी नको. पाच पूर्ण झाली आणि वारंवार होतंय, तर दाखवा. चड्डी ओली होताच वाजणारा अलार्म असतो, औषध असतं, पण ते त्यांनाच ठरवू द्या. मात्र सहा महिने कोरडं राहिलेलं मूल अचानक ओलं करायला लागलं, शू करताना जळजळ होतेय, दिवसाही चड्डी ओली होतेय, धार नीट येत नाही, किंवा मोठ्यानं घोरतंय, तर वय कितीही असो, दाखवाच. आणि सारखी तहान, सारखी शू, वजन उतरतंय, असं असेल तर थांबू नका, त्याच दिवशी जा, साखर तपासायला सांगा.

जाताना एका कागदावर लिहून न्या. दिवसभरात किती वेळा शू झाली, पाणी कधी किती प्यायलं, शी कशी झाली, कुठल्या रात्री कोरडं, कुठल्या ओलं. ज्या रात्री तुम्ही उचलून नेलं होतं, तिच्यापुढे तसं स्पष्ट लिहा. ती कोरडी म्हणून मोजू नका.