हॉलिवूड, एरंडवणे आणि करवंदाची जाळी

नमस्कार. निम्मे चेहरे सकाळीच टेकडीवर भेटले होते, त्यामुळे सदाहरित म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. पत्रिकेवर विषय छापलाय ‘लाल फळांची आपली झुडपं’. तिकडे येणारच आहे. आधी एक प्रश्न. आपण बसलोय ते एरंडवणे, म्हणजे काय? बरोबर, एरंडाचं वन. मग हॉलिवूड म्हणजे काय? हॉली हे झुडूप आणि वूड म्हणजे वन. म्हणजे ते अमेरिकेतलं एरंडवणेच झालं की! आणि प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली, तिनं स्टुडिओ उभारला तोही याच बाजूला. झुडपाच्या नावाची दोन गावं, आणि दोन्हीकडे सिनेमा येऊन वसला. वीस वर्षं हे मी जो भेटेल त्याला सांगते आहे. आज तुम्ही सापडलात.

आता हॉली म्हणजे नेमकं कोण? खरी हॉली युरोपातली. काटेरी कडांची चकचकीत पानं, लालभडक फळं, नाताळच्या शुभेच्छापत्रांवर असते ती. नर झाड वेगळं, मादी वेगळं, फळं मादीलाच. ती काही लॉस एंजेलिसच्या डोंगरांवर उगवत नाही. तिथे उगवतं टोयॉन. गुलाबाच्या कुळातलं, म्हणजे सफरचंदाचं भावंड. बारमाही हिरवं, उन्हाळ्यात पांढरी फुलं आणि ऐन हिवाळ्यात लाल फळांचे घोस. टोयॉन हे नाव तिथल्या मूळच्या ओलोनी लोकांच्या भाषेतून आलं. बाहेरून आलेल्यांना ते लाल घोस पाहून घरची आठवण झाली आणि त्यांनी त्याला ‘कॅलिफोर्नियाची हॉली’ म्हणायला सुरुवात केली. नाताळात लोक इतक्या फांद्या तोडायला लागले, की १९२०च्या दशकात तिथे ही तोड रोखणारा कायदा करावा लागला. २०१२ साली लॉस एंजेलिसनं टोयॉनला शहराचं अधिकृत देशी झाड ठरवलं. शहरानं आपल्या झुडपाला असा मान द्यावा, मला फार आवडलं हे.

हॉलिवूड हे नाव टोयॉनवरूनच पडलं असं तिकडे पुष्कळजण मानतात. प्रचलित हकिकत वेगळी आहे. हार्वी विल्कॉक्स यांनी १८८७ साली तिथल्या जमिनीचे प्लॉट पाडले. त्यांच्या पत्नी डाएडा यांना आगगाडीत एक बाई भेटली, तिच्या लांबच्या वाडीचं नाव हॉलिवूड होतं. ते यांना आवडलं, यांनी उचललं. म्हणजे नाव एकीकडचं, झुडूप दुसरीकडचं, आणि दोघांची गाठ मागून लोकांनी मारली. पुढे १९३२ साली विल्फर्ड डेमिंग या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञानं कोलकात्याच्या टॉलीगंजला ‘टॉलिवूड’ म्हटलं. मग आपण बॉम्बेचा ‘ब’ लावून बॉलिवूड केलं. त्या शब्दातलं वन तेवढं राहिलं, झुडूप गळून पडलं.

इथे मला एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. संयोजक माझ्याकडे बघताहेत, पण पाचच मिनिटं द्या.

आमच्या सोसायटीला एका बाजूनं करवंदाचं कुंपण होतं. सोसायटी झाली तेव्हा, १९८६ साली, आमच्यातल्याच तीन-चार घरांनी लावलेलं. पुरुषभर उंच, इतकं दाट की मांजरसुद्धा पलीकडे जात नसे. जानेवारीपासून पांढरी फुलं, जाईसारखा वास. एप्रिल उजाडला की आधी हिरवी, मग लाल, मग काळी फळं. सगळी पोरं दुपारची तिथे. करवंद अर्धं चावायचं आणि ओरडायचं, ‘कोंबडा की कोंबडी?’ आतून लाल तो कोंबडा, पांढुरकी ती कोंबडी. हात चिकानं काळे, कपड्यांना डाग, आया चिडलेल्या. लालबुड्या बुलबुलाची घरटी मी स्वतः मोजायचे. एका वर्षी चार होती.

मग नवी कमिटी आली. काटे लागतात, चीक पडतो, शिस्त दिसत नाही. मी दोन पानांचं पत्र दिलं. सभेत वाचायला घेतलं, तर ‘मॅडम, विषयपत्रिकेत नाही’ म्हणून थांबवलं. पुढच्या आठवड्यात मी नाशिकला लेकीकडे गेले. परत आले तर कुंपणाच्या जागी खड्डे आणि त्यात ड्युरांटाची पिवळी रोपं. अमेरिकेतलं झुडूप, दर पंधरा दिवसांनी कात्री लावायची, म्हणजे फूल नाही, फळ नाही. कचऱ्याच्या ढिगात बुलबुलाचं घरटं होतं. रिकामं होतं, एवढंच समाधान. ते मी घरी आणलं, अजून कपाटात आहे. याला सहा वर्षं झाली. मला अजून राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

आणि हीच कमिटी दर वाढदिवसाला केक आणते. त्यावरची लाल चेरी असते ना, ती आपल्याकडे पुष्कळदा करवंदच असते! बी काढून, पाकात मुरवून, लाल रंग देऊन. करवंद उपटणाऱ्यांनी ‘चेरी मला, चेरी मला’ म्हणत करवंदच खाल्लं असेल, आणि त्यांना कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं. आता मला केक खाली पाठवतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता खरा विषय.

मला म्हणायचंय ते एवढंच: आपल्याकडे नावं टिकली आणि झाडं गेली. एरंडवणे घ्या, चिंचवड घ्या, वडगाव, पिंपळे. आता एरंड मूळचा पूर्व आफ्रिकेतला, पण इथे इतकी शतकं राहिला की गावाचं नाव झाला, त्याच्याशी माझं भांडण नाही. तोरणा किल्ल्याचं नाव तोरणाच्या झुडपांवरून सांगतात. त्याची फळं पांढरी, म्हणून आजच्या विषयात बसत नाही, सोडून देते. वेताळ टेकडीवर मात्र गिरिपुष्प, आपली उंदीरमारी, मध्य अमेरिकेतून आलेली. फेब्रुवारीत गुलाबी फुलते, फोटो छान येतात, पण तिला कोरड्या शेंगा. बुलबुलानं खायचं काय?

करवंद कण्हेरीच्या कुळातलं, म्हणून चीक. फळ मात्र निर्धास्त खावं. कच्च्याचं लोणचं, पिकल्याची जेली. जेली घट्ट करणारं पेक्टिन भरपूर, त्यामुळे छान धरते. उन्हाळ्यात पाणी मागत नाही. मुळशी-वेल्ह्याकडच्या बायका मे महिन्यात ‘काळी मैना’ म्हणत पानांच्या द्रोणांत करवंदं आणतात, तिथूनच बी मिळेल.

बी वाळवून ठेवू नका, पटकन मरतं. करवंद खाल्लं की त्याच दिवशी बी धुवायचं आणि कुंडीत अर्धा इंच खोल टाकायचं. पहिलं वर्ष फार हळू वाढतं, धीर धरा. बाहेर टेबलाखाली माझी चाळीस रोपं आहेत, एका घराला दोन. काटे आत्तापासूनच आहेत, तेव्हा पिशवी बुडाकडून धरा.