काचेपासून दोन मिलिमीटर

(दृश्य: लोखंडी कपाटावरून पुठ्ठ्याची मोठी फाइल खाली येते. नाडी सुटते.)

निवेदन:
बाबांनी ३१ वर्षं हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवली. शाळेत मुलांकडून एलिमेंटरी-इंटरमीजिएटची तयारी करून घ्यायची आणि मे महिन्यात स्वतःचं काम करायचं, असा शिरस्ता. त्या सगळ्या मे महिन्यांची ही फाइल. जलरंग आहेत, पोस्टर कलर आहेत, गोणपाट आणि काड्या चिकटवलेली पाच-सहा कोलाज आहेत. बहुतेक कागद हाफ इम्पिरियल, म्हणजे १५ बाय २२ इंच. वाळवी पोचायच्या आत त्यांची नीट प्रत करून ठेवायची, एवढंच माझ्या मनात होतं.

पहिला स्कॅनर मी खोक्यावरचा डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके टिपतो त्याचा, आकडा बघून घेतला. घरी आणून पहिलंच चित्र ठेवलं, विहिरीवरच्या बायकांचं. मधला भाग असा आला की ब्रशचा केस न् केस मोजावा. कडेच्या दोन बायका मात्र धुक्यात उभ्या. आधी वाटलं, काच पुसायची राहिली. पुसली. धुकं तसंच.

(दृश्य: स्कॅनरची काच अगदी जवळून. काचेभोवतीची प्लास्टिकची चौकट. तिच्यावर नख अडतं.)

निवेदन:
दोष स्कॅनरचा नव्हता, निवड चुकली होती. काचेभोवती ही चौकट असते ना, ती काचेपेक्षा जराशी उंच. ए-फोर कागद तिच्या आत बसतो, म्हणून कधी जाणवत नाही. मोठा कागद चौकटीवरून बाहेर जातो, तेव्हा कडेला तो काचेवरून उचलला जातो. किती? मिलिमीटर, दोन मिलिमीटर. पण स्वस्त, पातळ स्कॅनरला तेवढं अंतरही खूप होतं.

कारण या स्कॅनरमध्ये काचेला अगदी लागून एक पट्टी सरकत असते. तिच्यात लाल, हिरवे, निळे एलईडी, बारीक काचेच्या कांड्यांची रांग आणि काचेच्या रुंदीएवढा सेन्सर. याला म्हणतात सीआयएस. काचेला टेकलेलं त्याला लख्ख दिसतं, त्यापलीकडचं पुसट होत जातं. कॅननची लाइड मालिका घ्या, एप्सनचा व्ही ३९ घ्या, दोन्ही याच जातीचे. पावत्या, मार्कलिस्ट, सपाट रेखाटनं यांना उत्तम. मी आजही रेशनकार्डाला तोच वापरते.

दुसरी जात सीसीडी. यात चित्रावरून परतलेला प्रकाश आरशांवरून वळत वळत एका भिंगात जातो आणि तिथून लहानशा सेन्सरवर पडतो. म्हणजे आत खरोखरच एक कॅमेरा बसलेला असतो. त्यामुळे काचेपासून काही मिलिमीटर वर असलेलंही तो सांभाळून घेतो. एप्सनचा व्ही ६०० असा आहे. डबा जाडजूड, वीज वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर, आणि किंमत लाइडच्या कित्येक पट. इथेच माझ्यासारखी माणसं अडतात.

(दृश्य: जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानातला माळा. धुळीने भरलेले स्कॅनर एकावर एक.)

निवेदन:
यावर माझा उपाय जुन्या बाजाराचा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी साधे घरगुती स्कॅनरही बरेचदा सीसीडी असायचे. ऑफिसांनी टाकून दिलेले असतात, कोणी विचारत नाही. पण दुकानात जाताना खिशात एक सहा इंची पट्टी ठेवा.

(दृश्य: काचेवर पालथी पट्टी. एक टोक काचेला टेकलेलं, दुसऱ्या टोकाखाली दोन खोडरबर.)

निवेदन:
पट्टीचं एक टोक काचेवर, दुसरं दीड सेंटिमीटर उंच. आकडे काचेकडे. म्हणजे दर सेंटिमीटरला पट्टी एक मिलिमीटर वर चढते. स्कॅन करा आणि आकडे वाचत जा. माझ्या पहिल्या स्कॅनरवर दोनच्या पुढचे आकडे विरघळले. माळ्यावरच्या या ठोकळ्यावर बारापर्यंत वाचता आले, थोडे काळपट, पण वाचता आले. दुकानदार विचारत होता, ‘ताई, पट्टी कशाला स्कॅन करताय?’

दोन गोष्टी आणखी बघायच्या. सीसीडी स्कॅनरला बहुधा वाहतुकीसाठीचं कुलूप असतं, तळाला किंवा मागे. ते न उघडता चालू केलात तर नुसता घरघरतो आणि आपण त्याला मेलेला समजतो. दुसरं, नव्या विंडोजला जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, बरेचदा मिळत नाही. त्यासाठी व्ह्यूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर विकत मिळतं, लिनक्सवर सेन नावाचं फुकट आहे. आपलं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का, हे पैसे देण्याआधी फोनवर बघून घ्या.

आणि झाकण. ते पूर्ण निघतं का? हे मी डीपीआयच्या आधी विचारेन.

(दृश्य: झाकण काढलेला स्कॅनर. चारी बाजूंना त्याच्याच उंचीचे पुस्तकांचे गठ्ठे. त्यावर पालथं चित्र.)

निवेदन:
ए-फोर काच साधारण साडेआठ बाय पावणेबारा इंच. हाफ इम्पिरियल तिच्यावर चार तुकड्यांत बरोबर बसतं, प्रत्येक तुकड्यात कागदाचा एक कोपरा, आणि सांधायला इंच-दीड इंच जागा उरते. झाकण असलं तर कागद बिजागरीकडे सरकत नाही. मग माणूस काय करतो, कागद उलटा फिरवतो. मीही फिरवला. स्कॅनरचा दिवा एका बाजूने उजेड टाकतो, त्यामुळे जाड रंगाच्या उंचवट्यांना बारीक सावल्या पडतात. कागद फिरवला की त्या तुकड्यातल्या सावल्या उलट बाजूला. जोडल्यावर अर्ध्या चित्रात सकाळ, अर्ध्यात संध्याकाळ. म्हणून कागद फिरवायचा नाही, नुसता सरकवायचा. रंग आपोआप सुधारण्याची सगळी बटणं बंद, नाहीतर चार तुकड्यांची चार आभाळं होतात. वरून फोमचा तुकडा ठेवायचा. काचेवर जोर द्यायचा नाही.

डीपीआय? त्याच आकारात छापायचं तर ३०० पुरे, दुपटीने मोठं करायचं तर ६००. ६०० ला हाफ इम्पिरियलची फाइल सुमारे साडेतीनशे एमबी होते. खोक्यावरचे हजारांतले आकडे आपल्या कामाचे नाहीत.

फुल इम्पिरियलला, म्हणजे याच्या दुप्पट कागदाला, आठ-नऊ तुकडे लागतात. त्या फंदात पडू नका. कागद भिंतीला लावा, दोन्हीकडून ४५ अंशांत दिवे आणि समोर कॅमेरा. सोनेरी कागद लावलेल्या कोलाजलाही तेच. स्कॅनरमध्ये सोनं डांबरासारखं काळं येतं. ए-थ्री स्कॅनर मिळतात, पण परवडणारे बहुतेक सीआयएस, आणि स्टुडिओत वापरतात तसे सीसीडी लाखांच्या घरात.

(दृश्य: कॉम्प्युटरच्या पडद्यावर चार तुकडे एकमेकांवर सरकून एक होतात. बाबा चष्मा कपाळावर चढवून वाकतात.)

निवेदन:
तुकडे जोडायला ह्युगिन नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, फुकट आहे. माळरानावरच्या शेळ्यांचं चित्र. गोणपाटाचा धागा न् धागा दिसत होता, आभाळ एकसंध. मी सांधा शोधला, मला सापडला नाही. बाबांनी पाच सेकंद बघितलं.

‘अगं, छान आलंय,’ म्हणाले. ‘पण या शेळीला मी चारच पाय काढले होते.’

(दृश्य: पडद्यावर बाबांचं बोट. शेळी. पाच पाय.)