नकार लेखी द्या

समोर मुलाला घरी ठेवायचं की संस्थेत याचा आदेश देणाऱ्या बाल कल्याण समित्यांचे सदस्य बसलेत, जिल्हा बाल संरक्षण कक्षातली मंडळी आहेत, बालगृहांचे अधीक्षक आहेत, मागच्या रांगांमध्ये समाजकार्याचे विद्यार्थी आहेत. तेव्हा बालन्याय अधिनियम 2015 म्हणजे काय, इथून सुरुवात करत नाही. मूल घरातून उठून संस्थेत जाऊ नये म्हणून ज्या योजना आहेत, त्यांचा जाब कोणी कोणाला द्यायचा, हा आजचा विषय. माझ्या चार सूचना आहेत, त्या शेवटी सांगतो. आधी एका कागदाबद्दल बोलू द्या: कार्यकर्ता मुलाच्या घरी जाऊन लिहितो तो गृहभेट अहवाल.

खरं तर त्याच्याही आधी एक खुलासा. आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेचं नाव ऐकलं की वाटतं, मूल दुसऱ्या कुटुंबात वाढतंय. लाभार्थ्यांची यादी उघडा. विधवा आईजवळ, आजी-आजोबांजवळ, आपल्याच घरात राहणारी मुलं पानोपानी दिसतील. हे चांगलंच आहे. मूल घरीच राहावं म्हणून दिलेली ही मदत आहे. आधी महिन्याला 425 रुपये होते, मग 1100 झाले, आणि 2023 मध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव योजनेला मिळालं तेव्हा 2250. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून दरमहा मिळणारी मदत, वेगळं. तिथे महिन्याला 4000 आणि वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72 हजार, इतरत्र 96 हजार. त्यात 'मिशन वात्सल्य' हेच नाव राज्यानं 2021 मध्ये कोविडमुळे विधवा झालेल्या स्त्रियांच्या मोहिमेलाही दिलं होतं. कुठल्या वात्सल्याचा अर्ज घेऊन कुठल्या टेबलाशी जायचं, हे मदत मागायला आलेल्या बाईला कोण सांगणार? ते सांगणं हेच पहिलं काम, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

आता गृहभेट. हात वर करा बरं, गेल्या महिनाभरात एक तरी गृहभेट अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत कोणी वाचला? हरकत नाही, खाली घ्या. कारण शेवटची ओळ सगळ्यांना पाठ आहे: 'कुटुंबाची आर्थिक परिस्थिती हलाखीची असून लाभ मिळण्यास शिफारस करण्यात येते.' पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाच्या अहवालातही हीच. मुलाचं वय एकानं वाढतं, बाकी मजकूर हलत नाही. सोबत घरासमोर पालक आणि मूल उभं असलेला फोटो. भेट झाली याचा तो पुरावा. भेटीत काय दिसलं, हे फोटो सांगत नाही.

उपयोगी अहवालात काय असतं? आई कामावर किती वाजता जाते आणि येते. शाळा सुटल्यापासून ती येईपर्यंत मूल कोणाजवळ असतं. मूल झोपतं कुठे. गेल्या तीन महिन्यांत शाळेचे किती दिवस बुडाले, आणि हा आकडा हजेरीपटावरून घेतलेला, आईच्या तोंडून नव्हे. बचत गटाचा किंवा फायनान्सचा हप्ता आठवड्याला किती. घरातलं कोण आजारी आहे. शेवटचा हप्ता खात्यात कोणत्या तारखेला आला, हे पासबुक पाहून. आणि मुलाशी एकट्यानं बोलणं झालं का. शेजारीपाजारी आणि अख्खी गल्ली गोळा झालेली असताना मूल 'बरं आहे' याशिवाय काही बोलणार नाही.

भेटीची तारीख हा आणखी एक मुद्दा. बीडसारख्या ऊसतोडीच्या भागात डिसेंबरात गेलात तर 'घर बंद आढळले' एवढंच लिहिता येतं. कुटुंब फडावर आहे. मूल सोबत गेलं की आजीजवळ राहिलं, हा खरा प्रश्न, आणि तो दिवाळीच्या आधी विचारायचा असतो. मूल घराबाहेर पडण्याचा धोका याच काळात वाढतो, आणि नेमकी याच काळात आपली फाइल गप्प असते.

दोष कार्यकर्त्यावर ढकलू नका, हिशेब करा. बालसंगोपन योजना राबवणाऱ्या आणि गृहभेटी करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला एका मुलामागे महिन्याला 250 रुपये मिळतात. शंभर मुलं असली तर 25 हजार. एवढ्यात एका कार्यकर्त्याचा पगार, एसटी किंवा पेट्रोल आणि झेरॉक्स. तीन महिन्यांतून एकदा प्रत्येक घर गाठायचं तर वर्षाला 400 भेटी. एका दिवशी दोन वाड्या गाठल्या की तिसरीला अंधार पडतो. मग अहवाल टेबलावर तयार होतो. शिवाय पैसे मुलांच्या संख्येवर मिळतात. तेव्हा 'या घराला पैशांपेक्षा व्यसनमुक्तीची मदत हवी' असं लिहिण्यातून संस्थेला काहीच मिळत नाही. तीच संस्था बालगृहही चालवत असेल, तर त्या घराबद्दलचं मत दुसऱ्या कोणीतरी द्यायला हवं.

शाळा उघडण्याच्या तोंडावर काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. आई मुलाला घेऊन बालगृहाच्या दारात येते. तिला हवा असतो दोन वेळचा डबा आणि शाळा. निव्वळ गरिबीमुळे मूल कुटुंबापासून तोडू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि संस्था हा शेवटचा उपाय हे आपल्या बालन्याय अधिनियमाच्या कलम 3 मध्येच आहे. पण या आईला आधी प्रायोजकत्व देऊ केलं होतं का, हे प्रवेशाच्या आदेशात शोधा. सापडणार नाही.

आणि ती वर्षभरापूर्वी कार्यालयात आली होती का, हेही सापडणार नाही. कारण तिला 'निधी आला नाही, नंतर या' असं तोंडी सांगितलेलं असतं. कायद्यानं तिला अपिलाचा हक्क दिलाय. समितीच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत बाल न्यायालयात जाता येतं, आणि प्रतिपालकत्व (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) व प्रायोजकत्वाबाबतचं अपील जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, करता येतं, कलम 101. पण अपील आदेशावर होतं. 'नंतर या' हा आदेश नाही. त्याच्यावर अपील नाही, त्याची प्रलंबित प्रकरणांत गणना नाही, तिमाही आढाव्यात तो दिसत नाही. सामाजिक तपासणी 15 दिवसांत, अंतिम आदेश चार महिन्यांत, या कलम 36 मधल्या मुदती मूल समितीपुढे आल्यावर सुरू होतात. मूल घरी असताना आईनं टाकलेल्या अर्जाला असं घड्याळच लागत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. सूचना भराभर सांगतो.

अर्ज आला की त्याच दिवशी पोच द्या, क्रमांक घालून. नाकारायचा असेल तर कारण एका ओळीत लिहून द्या, खाली अपील कोणाकडे ते छापलेलं असू द्या.

प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर चार तारखा: अर्जाची, गृहभेटीची, आदेशाची, पहिली रक्कम खात्यात पडल्याची. कुठल्या दोन तारखांमध्ये खिंडार पडलंय त्यावरून कोणाला विचारायचं ते कळतं. चौथी तारीख बहुधा कोरी सापडेल. आधार खात्याला जोडलेलं नसतं, बोनाफाईडवरचं नाव आधारशी जुळत नाही, वयाच्या 5 आणि 15 व्या वर्षीचं बायोमेट्रिक अद्ययावत करायचं राहिलेलं असतं. पैसे परत गेले तर आईला कळवणारं कोणी नेमलेलंच नसतं. एक माणूस नेमा.

तालुकानिहाय आकडे दर तिमाहीला फलकावर लावा. फक्त आकडे. नावं नकोत, फोटो नकोत, मुलाची ओळख उघड करायला मनाई करणारं कलम 74 लक्षात ठेवा. लहान गावाचा आकडा एकच असेल तर गावाचं नावही नको, मूल ओळखू येतं.

चौथी सूचना समिती सदस्यांना. गरिबीच्या कारणानं आलेल्या प्रवेशाच्या आदेशात दोन ओळी वाढवा: घरी राहण्यासाठी कोणती मदत देऊ केली, आणि ती का पुरली नाही. लिहायला काही नसेल तर त्या दिवशी सही करू नका. आईला बसायला सांगा आणि बाल संरक्षण कक्षाला फोन लावा.