वर्षभराच्या वाचनाचा ताळा

मंडळी, डिसेंबर आला की वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या होतात. पण आत्मचरित्र, इतिहास, नगररचना, अहवाल असं मिश्र वाचन झालं असेल तर नुसती यादी पुरत नाही, ताळा करायला हवा. एका पुस्तकातलं विधान दुसऱ्यापुढे उभं करून पाहायचं. १८९३पासून मराठी ग्रंथ संग्रहालय चालवणाऱ्या ठाण्यात हे आग्रहाने सांगावंसं वाटतं.

त्यासाठी पुस्तक संपल्यावर दोन-तीन दिवसांत एक पान लिहावं. वर लेखक, आवृत्ती, प्रथम प्रकाशनाचं साल. खाली तीन मुख्य विधानं आपल्या शब्दांत, प्रत्येकापुढे पृष्ठक्रमांक, आणि लेखकाला ते कशावरून कळलं: स्वतः पाहिलं, कागदपत्रांत सापडलं की ऐकलं. हा शेवटचा रकाना बहुतेक जण सोडतात, आणि ताळा करताना नेमका तोच लागतो. उतारेच्या उतारे उतरवले तर वही भरते, मुद्दा हाती लागत नाही.

आवृत्ती कशाला लिहायची? गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ घ्या. प्रवास १८५७च्या धामधुमीतला, लेखन पंचवीसेक वर्षांनंतरचं. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापलं, पण संपादन करताना मजकूर बदलला. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. तेव्हा ‘गोडसे भटजी म्हणतात’ असं लिहायचं तर कोणत्या आवृत्तीत, हे सांगावंच लागतं. झाशीच्या वेढ्याची धग अनुभवायला हे पुस्तक वाचावंच. तारखांसाठी मात्र दुसरं साधन शेजारी ठेवावं, कारण सगळं आठवून लिहिलेलं आहे. त्याने पुस्तकाची थोरवी तसूभरही कमी होत नाही.

आकड्यांच्या पुस्तकांत घोटाळा होतो तो हद्दीचा. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला. म्हणजे त्याआधीच्या जिल्हा सरासरीत जव्हारचे पाडे आणि ठाणे शहरातल्या सोसायट्या एकत्र मोजल्या आहेत. ‘नवी मुंबई’चंही तसंच. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या लेखी ती ३४४ चौरस किलोमीटर, ठाणे आणि रायगड अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरलेली. १९९२ला कारभार सुरू केलेल्या महापालिकेची हद्द त्याहून बरीच लहान; खारघर, कामोठे तर २०१६पासून पनवेल महापालिकेत आहेत. दरडोई पाण्याचे दोन पुस्तकांतले आकडे जुळले नाहीत, तर लेखकाला खोटं ठरवण्याआधी भागाकार कोणत्या हद्दीवर केलाय ते तपासा.

आता ताळा. सगळी पानं सुटी करा आणि विषयवार न लावता प्रश्नवार लावा. उदाहरणार्थ, ‘नवी मुंबईची जमीन कोणाची होती?’ या प्रश्नाखाली नगररचनेचं पान येईल, प्रकल्पग्रस्तांच्या लढ्याचंही येईल. आराखड्यात किती हेक्टर संपादन झालं ते कळतं. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड प्रकल्पग्रस्तांना परत का द्यावे लागले, हे कळायला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं १९८४चं जासईचं आंदोलन आणि त्यात गोळीबारात गेलेले पाच जीव, हे वाचावंच लागतं. एकट्या आराखड्यावर विसंबलेला वाचक या शहराबद्दल अर्धवटच बोलेल.

ज्या प्रश्नाखाली एकच पान पडलं असेल, त्यावरचं दुसरं पुस्तक जानेवारीत सगळ्यांत आधी घ्या, आणि शक्यतो पहिल्या लेखकाशी न पटणाऱ्याचं.