तळ्याचं वेळापत्रक

श्रोतेहो, नमस्कार. तळ्याकाठच्या एखाद्या गावी विश्रांतीला जायचा बेत असेल, तर माझी एक कळकळीची विनंती आहे. दुपारी पोचून संध्याकाळी परतू नका. निदान दोन रात्री तिथे राहा. का, ते सांगते.

तळ्याचं स्वतःचं वेळापत्रक असतं. उत्तर इटलीतल्या कोमो सरोवरावर तर वाऱ्यांना नावंच आहेत. सकाळी उत्तरेकडून, डोंगरांकडून उतरतो तो तिवानो आणि दुपारी दक्षिणेकडून येतो तो ब्रेवा. तिथल्याच गार्दा सरोवरावर सकाळचा पेलेर, दुपारचा ओरा. शिडाच्या होड्या घेऊन निघणारे लोक दिवस आखतात तो या वाऱ्यांच्या हिशेबानं. उन्हानं जमीन झटपट तापते, पाणी सावकाश. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरची गार हवा काठाकडे येते. रात्री हाच व्यवहार उलटा होतो. मोठ्या सरोवराजवळ डोंगर असले, तर ते या ये-जा करणाऱ्या वाऱ्याला आणखी बळ देतात.

एक वारा थांबून दुसरा सुरू होण्याआधी मधे थोडा वेळ सगळं निवांत असतं. मला तळं आवडतं ते याच वेळेसाठी. पाण्यालगतची हवा गार आणि तिच्या वरची उबदार असली, की आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर जातो. पलीकडच्या काठावर कुणी होडीत वल्हं ठेवलं, तरी त्याची टक् ऐकू येते. अशा वेळी धक्क्यावर बसावं आणि टिबुकली हा चिमुकला पाणपक्षी शोधावा. मुठीएवढा तपकिरी गोळा पाण्यावर तरंगत असतो. बघता बघता तो बुडी मारतो, पाणी जेमतेम हलतं. मी मनात आकडे मोजू लागते. दहा, बारा, पंधरा... आणि ती वर येते ती भलतीकडेच, लव्हाळ्याच्या कडेला, चोचीत चिमुकला मासा धरून. असे पाच-सहा डाव झाले, की डोक्यातला कालचा गोंधळ कुठे गेला ते आपल्यालाही कळत नाही. पण हे दिसायला पहाटे तिथे असावं लागतं, आणि पहाटे तिथे असायचं तर रात्री तिथेच झोपायला हवं.

जिनिव्हा सरोवराच्या काठी मोर्झ नावाचं गाव आहे. तिथे जन्मलेल्या फ्रान्स्वा-आल्फोन्स फोरेल यांनी त्या एका सरोवराच्या अभ्यासात आयुष्य घातलं. १८९२ ते १९०४ या काळात त्यांनी त्यावर तीन खंड लिहिले. सरोवरशास्त्र ही विद्याशाखा उभी राहिली ती त्यांच्या कामातून. त्यांनी तिथे अभ्यासलेली एक गोष्ट सांगते. जोराचा वारा किंवा हवेचा दाब पाणी एका टोकाला लोटतो आणि तो जोर ओसरला, की परातीतल्या पाण्यासारखं सबंध सरोवर हिंदकळत राहतं. जिनिव्हा सरोवरात असा एक झोका पुरा व्हायला तासाभराहून जास्त वेळ लागतो. आयुष्यभर एकाच तळ्याकडे पाहूनही त्या माणसाचं पाहणं संपलं नाही, मग आपल्याला दोन दिवस जड का जावेत?

गर्दीबद्दलही बोलायला हवं. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट गावात हजारभरही माणसं राहत नाहीत, पण हंगामात एकेका दिवशी हजारो पाहुणे येतात. तिथल्या लोकांची दमछाक मला अगदी समजते. नावाजलेल्या गावाचा आग्रह सोडा, त्याच काठावर थोडं पुढे जा. पाणी तेच, डोंगर तेच, आणि बाकावर बसायला जागा. मुक्कामाच्या गावातही दिवसाचे पाहुणे परतले, की संध्याकाळ तुमचीच.

दुपारी वारा सुटला की पाण्याकडे पाठ करून शेतांच्या वाटेला लागा. चढावर थोडं गेलात, की सबंध तळं एका नजरेत येतं. नदी कुठून आत येते आणि कुठून बाहेर पडते, ते तिथून नीट दिसतं.

पोहणाऱ्यांना मात्र बजावून सांगते. उन्हाळ्यात वरचा थर कोमट लागतो, पण काही मीटर खाली गारवा एकदम वाढतो. थंड प्रदेशातल्या खोल तळ्यांच्या बुडाशी भर उन्हाळ्यातही पाणी ४ अंशांच्या आसपास असतं, कारण त्या तापमानाला ते सगळ्यात जड होऊन खाली बसतं. म्हणून अनोळखी पाण्यात उडी टाकू नका, पायरी-पायरीनं उतरा. होडीत बसताना तरंगतं जाकीट अंगात घाला, पायाशी ठेवू नका.

आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा धक्क्यावर या. खुंटाला बांधलेली होडी दुपारभर दोराला हिसके देत असते. वारा पडला, की तो दोर हळूहळू सैल पडतो आणि मधला भाग पाण्याला टेकतो. तो टेकेपर्यंत तिथून उठू नका.