जुनी ऑटोमॅटिक गाडी झटके मारते? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. आज हातात पाना नाहीये, गाडी जॅकवर पण नाहीये, फक्त हे एक पांढरं फडकं आहे आणि मागे उघडं बॉनेट. कारण मेसेज रोज तेच येतात, दादा गाडी जुनी आहे, ऑटोमॅटिक आहे, झटके मारते, मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स गेला, काय करू. मी उलट विचारतो, झटका कधी मारते? तर उत्तर येतं, "मारते ना, कधीपण मारते."

कधीपण नाही मारत हो. गार असताना मारते की गरम झाल्यावर, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना की दुसऱ्यातून तिसऱ्यात, हलक्या पायावर की दाबल्यावर, हे कळलं की अर्धं निदान झालं समजा. म्हणून पहिलं काम पाना नाही, वही. शेजारी कोणालातरी बसवा आणि त्याला लिहायला लावा, किती स्पीडला गिअर पडला, तेव्हा आरपीएमचा काटा कुठे होता, गाडी किती गरम होती. अर्धा तास फिरा. मोकळा रस्ता बघा फक्त.

आता हे एवढं का, तर आत काय चालतं ते दोन मिनिटांत सांगतो. ऑटोमॅटिकच्या आत एक पंप असतो, तो ऑइलचं प्रेशर तयार करतो, ते प्रेशर व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या भूलभुलैयातून फिरतं आणि ठरावीक क्लच पॅकला किंवा बँडला जाऊन दाबतं, मग तो गिअर धरला जातो. सगळा खेळ प्रेशरचा. आणि कुठला गिअर कधी टाकायचा, किती जोरात दाबायचं, हे ठरवायला त्या डब्याला, म्हणजे गिअरबॉक्सला, मुख्यतः दोनच गोष्टी कळाव्या लागतात, गाडी किती पळतेय आणि तुमचा पाय किती दाबलाय. जुन्या जुन्या डब्यांमध्ये स्पीड गव्हर्नर नावाच्या फिरत्या भागाने कळायचा आणि पाय केबलने किंवा इंजिनच्या व्हॅक्युमने, नंतरच्यांमध्ये सेन्सर आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह, आले. म्हणजे डबा स्वतः आंधळा आहे बिचारा, त्याला बाहेरून जे सांगाल ते तो करतो, आणि बाहेरून चुकीचं सांगितलं तर तो चुकीचाच गिअर टाकणार, त्यात त्याचा काय दोष. मी म्हणतो की आधी सांगणारे तपासा, डबा शेवटी.

पण त्याच्याही आधी ऑइल. गाडी १५-२० मिनिटं चालवून आणा, सपाट जागेवर लावा, इंजिन चालूच ठेवा, ब्रेक दाबून लिव्हर पी पासून खालपर्यंत प्रत्येक जागी एक-दोन सेकंद थांबवत न्या आणि परत पी ला आणा. मग डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, परत काढा. बहुतेक गाड्यांची पद्धत ही, पण सगळ्यांची नाही हं, बऱ्याच होंडांमध्ये इंजिन बंद करून लगेच बघायचं असतं, जुन्या क्रायस्लरमध्ये लिव्हर न्यूट्रलला ठेवून, आणि काहींना तर डिपस्टिकच नसते, खाली लेव्हलचा प्लग असतो. तेव्हा मॅन्युअल उघडा, आळस नको.

आता हे बघा, फडक्यावर एक थेंब टाकतो. जरा जवळ आणतो कॅमेऱ्याच्या. रंग लालसर-तपकिरी, कडेला पसरतोय, मध्ये काळा ठिपका राहत नाहीये. हे वापरलेलं ऑइल आहे पण मेलेलं नाही. मध्ये काळा गोळा बसला, बोटांत घासलं की बारीक वाळूसारखं लागलं आणि वास करपल्याचा आला, तर क्लचचं मटेरियल झिजून त्यात आलंय. आणि थेंब गुलाबी दुधाळ दिसला ना, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा, तर गाडी तिथेच उभी करा, पुढे एक मीटरही नेऊ नका. रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय, आणि त्या पाण्याने क्लचच्या चकत्यांवरचा थर सुटायला लागतो.

लेव्हल कमी असेल तर पंप हवा ओढतो, मग डी टाकल्यावर गाडी दोन सेकंद विचार करते, चढावर किंवा वळणावर मधेच सुटल्यासारखी होते. आणि जास्त असेल तरी तेच, कारण फिरणारे भाग ऑइल घुसळून फेस करतात आणि फेसाचं प्रेशर बनत नाही. लोक म्हणतात चार थेंब जास्त असलेलं बरं. नाही बरं.

आता सांगणाऱ्यांकडे येऊ, आणि इथे माझीच फजिती सांगतो. माझी एक जुनी गाडी होती, चार स्पीडचा ऑटोमॅटिक, केबलवाला. अचानक फार लवकर लवकर गिअर टाकायला लागली, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मधे आरपीएम उडायचे, भुर्र करून, आणि मग गिअर बसायचा. एका गॅरेजात दाखवली, पाच मिनिटांत निकाल, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मी पण तयार झालो होतो, खोटं कशाला बोलू. घरी येऊन सहज बॉनेट उघडलं तर आठवलं की पंधरा दिवसांपूर्वी मीच थ्रॉटल बॉडी, म्हणजे पेडल दाबलं की इंजिनला हवा सोडणारी झडप, साफ केली होती आणि गिअरबॉक्सची केबल परत लावताना नट भलत्याच ठिकाणी आवळला होता! केबल सैल होती. केबल सैल म्हणजे डबा समजतो की पाय अगदी हलका आहे, म्हणून तो प्रेशर पण कमी ठेवतो, आणि कमी प्रेशरवर क्लच घसरतो. त्या गाडीला पेडल पूर्ण दाबल्यावर केबलवरचा दाबलेला मणी आणि आवरणाचं टोक यांच्यात ० ते १ मिलिमीटर अंतर लागायचं. माझं बोटभर होतं. दहा मिनिटांचं काम, गाडी सरळ झाली.

ही केबल फार घट्ट असेल तर उलटं होतं, गिअर उशिरा पडतात आणि हिसका देऊन पडतात. त्रास होतो पण डबा लगेच मरत नाही. सैल केबल मात्र डबा जाळते. जीएमचा ७००आर४ नावाचा डबा या बाबतीत बदनामच आहे, केबल चुकीची ठेवून चालवलात तर तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच बघता बघता जळतो.

केबलऐवजी व्हॅक्युमवाले पण डबे आहेत, टीएच ३५०, टीएच ४००, फोर्ड सी४ वगैरे. त्यांना एक छोटा डबडा असतो, मॉड्युलेटर, त्यात रबराचा पडदा. त्याची इंजिनकडून येणारी नळी काढून आत बघायचं, नळीत लाल ऑइल दिसलं तर पडदा फाटलाय. गिअर कडक पडतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि ऑइल कुठे गळत नसून कमी होतं, कारण ते इंजिन पितंय. पार्ट एवढासा, बदलायला सोपा.

इलेक्ट्रॉनिक डबा असेल तर स्कॅनर लावा. पण पी ०७०० कोड आला म्हणून घाबरू नका, तो फक्त एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंप्युटरकडे काहीतरी नोंद आहे, खरा कोड आत जाऊन वाचावा लागतो, आणि साधे स्कॅनर तिथपर्यंत पोचतच नाहीत. स्पीडोमीटर मधेच शून्यावर येतो आणि त्याच वेळी गिअर वेडेवाकडे पडतात? स्पीड सेन्सर किंवा त्याची वायर. एकाच स्पीडला, एकाच पायावर गाडी तिसरा-चौथा तिसरा-चौथा करत बसते? थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे पाय किती दाबलाय ते सांगणारा, मल्टिमीटर लावून पेडल हळूहळू दाबा, व्होल्टेज सलग चढायला पाहिजे, मधे टुणकन उडी मारली की सापडला चोर. आणि गाडी एकाच गिअरला अडकून राहिली, निघतानाच जड झाली, तर ती लिम्प मोडमध्ये आहे, म्हणजे कंप्युटरने स्वतः हात वर केलेत. तेव्हा आधी बॅटरी, अर्थिंग आणि गिअरबॉक्सचा मोठा कनेक्टर बघा, तो कनेक्टर उघडून आत ऑइल किंवा गंजून हिरवी झालेली पिन दिसते का ते बघा.

अजून एक, हे मला फार आवडतं. ६०-८० च्या स्पीडला, हलक्या पायावर, गाडी थरथरते, जणू रस्त्यावर बारीक पट्टे आहेत. लोक प्लग बदलतात, कॉइल बदलतात, टायर बॅलन्स करतात. थरथर चालू असताना उजवा पाय तसाच ठेवायचा आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, ब्रेक लाइट लागेल इतकाच. मागे कोणी नाही बघून, अर्थात. ब्रेकचा स्विच लागला की टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलमधून जोडणाऱ्या भागाचा, लॉक-अप क्लच सुटतो, जो एरवी दोघांना थेट जखडतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर भानगड लॉक-अपची, आणि जुन्या ऑइलमुळे हे खूपदा होतं, योग्य ग्रेडचं ऑइल बदलून सुटतं सुद्धा. नाही थांबली तर मात्र इंजिनचं मिसिंग शोधा.

स्टॉल टेस्ट बद्दल विचारता, म्हणजे ब्रेक दाबून डी मध्ये फुल रेस. मी जुन्या गाडीवर करत नाही. पाच सेकंदांच्या वर गेलात तर ऑइल उकळतं, आणि मरणपंथाला लागलेला क्लच तिथेच राम म्हणतो. प्रेशर गेज लावा त्यापेक्षा, डब्याला त्यासाठी पोर्ट असतो, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

हे सगळं बरोबर निघालं तर चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या खालचं ऑइलचं भांडं, उघडा. मॅग्नेटवर राखाडी पेस्ट, लोण्यासारखी, ती चालते, वर्षानुवर्षांची झीज आहे. चमकणारे तुकडे, पितळी कण, काळ्या खपल्या दिसल्या तर नाही चालत. ऑइल बदलताना लक्षात ठेवा, चेंबरमधून सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून कधीच न बदललेल्या गाडीला मशीन लावून एका दमात फ्लश करण्यापेक्षा मी थोडं थोडं, दोन-तीनदा बदलतो.

आणि काळं करपलेलं ऑइल, खपल्या, रिव्हर्स पडतच नाही, प्रेशर खाली, असं सगळं एकत्र आलं तर मग डबा उतरवावाच लागतो, तिथे मी पण काही जादू करू शकत नाही. फक्त उतरवला की मेकॅनिकला दोन गोष्टी स्पष्ट विचारा, कन्व्हर्टर बदलणार का, आणि कूलर व त्याच्या पाइपा साफ करणार का. कारण जुन्या डब्याचा सगळा चुरा त्या कूलरमध्ये बसलेला असतो, आणि नवा डबा लावून पहिली स्टार्ट मारली की तो सरळ त्याच्यात जातो.