‘टाकाऊतून टिकाऊ’ नव्हे

पडद्यावर दिसतंय ते शहर म्हणजे एक प्रतिकृती आहे, ५.७ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद. नाव ‘विल फँटोम’, म्हणजे भुतांचं शहर. पण त्याचा थाट पाहता मी त्याला मायानगरी म्हणेन. साल १९९६. करणारा बोडिस इसेक किंगेलेझ, राहणार किन्शासा, काँगो. तेव्हा त्या देशाचं नाव झाईर होतं.

मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी हा फोटो पाहून म्हणालं, “अरे वा, टाकाऊतून टिकाऊ!” रागावू नका, पण हा शिक्का मला पुसायचा आहे. कोल्ड्रिंकचे डबे, बाटल्यांची बुचं, स्ट्रॉ, टूथपिक, छापील खोकी हे सगळं यात आहे, कबूल. पण सगळ्यात जास्त काय आहे? कागद आणि पुठ्ठा. आपण कार्यानुभवाच्या तासाला खोक्यावरची छपाई झाकण्यासाठी वरून घोटीव कागद चिकटवायचो. हा गृहस्थ त्या छपाईतलाच रंग, त्यातलीच चांदणी हेरून इमारतीच्या दर्शनी भागावर नेमकी बसवायचा. हाती लागला कचरा आणि केली वस्तू, असा हा प्रकार नाही.

किंगेलेझचा जन्म १९४८चा, किम्बेम्बेले-इहुंगा या खेड्यातला. १९७० मध्ये तो शिकायला किन्शासात आला, पुढे शाळेत शिकवू लागला. एका टप्प्यावर त्याला एकच ध्यास लागला: कात्री, दाढीचं ब्लेड, गोंद आणि कागद मिळवायचा. त्यातून जे तयार झालं ते घेऊन तो किन्शासातल्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला, तर तिथल्यांचा विश्वासच बसेना. हे तुम्ही केलंत? मग आमच्यासमोर दुसरं करून दाखवा! त्यानं करून दाखवलं. तेव्हा त्यांनी त्याला जुने मुखवटे आणि इतर वस्तू दुरुस्त करायच्या नोकरीवरच घेतलं. ब्लेड चालवणाऱ्याचा हात कसा असतो, ते दुरुस्ती करणाऱ्यांना लगेच कळतं.

आता किन्शासा. बेल्जियन राजवटीत तिथे गोऱ्यांची वस्ती ती ‘विल’ आणि आफ्रिकी माणसांची ती ‘सिते’. दोन्हींच्या मधे मुद्दाम राखलेला मोकळा पट्टा. १९६०ला स्वातंत्र्य आलं, १९६५ला हुकूमशहा मोबुटू सत्तेवर आले. उंच मनोरे, भव्य योजना, आणि मग रिकामी तिजोरी. १९९१ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनीच शहर लुटलं. त्याच साली किंगेलेझनं एड्सच्या रुग्णांसाठी रुग्णालयाची प्रतिकृती केली. रंगीत, नटवलेली, अगदी सणाला सजवल्यासारखी! आजाराची भीती ज्या शहरात घराघरांत शिरली होती, तिथे रुग्णालय इतकं देखणं असावं असं त्याला वाटलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पाच वर्षांनी विल फँटोम झालं, तेव्हा मात्र त्याचं म्हणणं वेगळं होतं. या शहरात पोलीस नाहीत, सैनिक नाहीत आणि आजाऱ्यांना बरं करायला डॉक्टरही नाहीत, कारण गरजच नाही. इथे माझं त्याच्याशी थोडं भांडण आहे. या रुंद, स्वच्छ रस्त्यांवर भाजी विकायला बसलेली बाई कुठे आहे? किन्शासासारखं शहर फुटपाथवरच्या उलाढालीवर जगतं, आणि त्यालाच त्यानं जागा दिलेली नाही. नगररचना करणाऱ्यांची ही खोड कागदावरही सुटत नाही.

१९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिशियन द ला तेर’ या प्रदर्शनातून तो जगापुढे आला. २०१५ला तो गेला. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथे लोक डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवून विल फँटोमच्या रस्त्यांवरून फिरले.

शेवटची स्लाइड १९९४ची आहे. हे त्याचं स्वतःचं गाव, किम्बेम्बेले-इहुंगा. गगनचुंबी इमारती, बँका, उपाहारगृहं, फुटबॉलचं स्टेडियम. शेतीवर जगणाऱ्या त्या खेड्यातलं एकही खोपट त्यानं ठेवलेलं नाही. गावाचं नाव मात्र तसंच ठेवलंय.